रक्तात दोन पट्टे, गाठीत एक

एकाच रुग्णाचे दोन नमुने घ्यायचे, एक रक्ताचा आणि एक गाठीचा. दोन्हींतला डीएनए एकाच रिस्ट्रिक्शन एन्झाइमने, म्हणजे ठरावीक अक्षरक्रमापाशी डीएनए कापणाऱ्या प्रथिनाने, कापायचा, जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने लांबीनुसार वेगळा करायचा, पडद्यावर उतरवायचा आणि किरणोत्सारी प्रोब (हव्या त्या भागालाच चिकटणारा डीएनएचा तुकडा) लावून हवा तो तुकडा एक्स-रे फिल्मवर उमटवायचा. दोन्ही प्रतींच्या तुकड्यांची लांबी वेगळी असेल, तर रक्ताच्या रांगेत आईकडचा एक आणि वडिलांकडचा एक असे दोन पट्टे दिसतात. गाठीच्या रांगेत एकच उरला, तर दुसरी प्रत त्या पेशींनी गमावली आहे. उरलेला पट्टा दुप्पट गडद असेल, तर पेशीने शिल्लक प्रतच पुन्हा उतरवून घेतली आहे.

वेबस्टर कॅव्हेनी या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाची कारकीर्द या तुलनेवर उभी राहिली. युटामध्ये रे व्हाइट यांच्याबरोबर काम करताना १९८३ साली त्यांनी रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगात तेरावे गुणसूत्र तपासले. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावरच ही गाठ होते, हे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये आकडेवारीवरून मांडले होते. त्याचा पुरावा आता फिल्मवर दिसला.

पुढे लुडविग इन्स्टिट्यूट या कर्करोग संशोधन संस्थेत, आधी माँट्रियलला आणि १९९१ पासून सॅन डिएगोला, मेंदूतल्या गाठी हाच त्यांचा विषय झाला. इथे ही पद्धत बरीच अवघड जाते. ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींसारख्या पेशींची गाठ, निरोगी मेंदूत पसरलेली असते. नमुन्यात रक्तवाहिन्या आणि इतर निरोगी पेशी येतातच, त्यामुळे गेलेला पट्टाही फिकट दिसत राहतो. शिवाय दोन्ही प्रती सारख्याच लांबीच्या असल्याने रुग्णाच्या रक्तातच एक पट्टा असेल, तर त्या प्रोबचा काहीच उपयोग नाही. दुसरा शोधावा लागतो. तरीही १९८८ मध्ये चित्र स्पष्ट झाले. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या जवळजवळ सगळ्या गाठींत दहाव्या गुणसूत्राची प्रत गेलेली होती, कमी आक्रमक ग्लायोमात तसे नव्हते. त्याच गुणसूत्रावरचे, गाठींना आवर घालणारे पीटेन हे जनुक १९९७ मध्ये इतर गटांना सापडले.

गमावण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे गाठीने काय कमावले. ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा, वाढीचा संदेश घेणारा ग्राहक (रिसेप्टर) आहे. काही गाठींत त्याच्या जनुकातले २ ते ७ हे एक्सॉन (प्रथिनाची माहिती देणारे भाग) गळतात, म्हणजे २६७ अमिनो आम्ले कमी होतात. बाहेरचा संदेश बांधण्याची जागाच तुटते आणि ग्राहक संदेशाशिवाय चालू राहतो. १९९४ मध्ये कॅव्हेनींच्या गटाने हा तुटका ग्राहक ग्लायोमाच्या पेशींत घातला. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्या वाढीत फारसा फरक पडला नाही; उंदरांत मात्र गाठी झपाट्याने वाढल्या. केवळ बशीतल्या पेशींवर विसंबणे किती धोक्याचे, हे मला या प्रयोगातून सर्वांत ठळक दिसते.

या तुटक्या ग्राहकावर रिंडोपेपिमट ही लस तयार झाली, पण मोठ्या चाचणीत तिने आयुष्य वाढवले नाही. हा ग्राहक गाठीतल्या सगळ्या पेशींवर नसतो, आणि गाठ परत येते तेव्हा पुष्कळदा तो नाहीसाच झालेला असतो. म्हणून लक्ष्यित औषध निवडताना पहिल्या शस्त्रक्रियेच्या जुन्या नमुन्यावर भिस्त ठेवता येत नाही.

दहाव्या गुणसूत्राचे निरीक्षण मात्र थेट निदानात उतरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार, प्रौढाच्या पसरणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसायटोमात (ग्लायोमाचा एक प्रकार) आयडीएच जनुक बदल न झालेल्या मूळ रूपात असेल, सातव्या गुणसूत्राची जादा प्रत आलेली आणि दहाव्याची एक प्रत गेलेली असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सौम्य दिसली तरी तिला ग्लायोब्लास्टोमाच म्हणतात.