जामीन रद्द करणे वेगळे, जामिनाचा आदेश चुकीचा ठरवणे वेगळे

पोक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) गुन्ह्यात आरोपीला जामीन मिळाला की बालकाचे पालक वकिलाला विचारतात, ‘हा जामीन रद्द करून घेता येईल का?’ या एका प्रश्नात दोन निराळ्या मागण्या असतात आणि त्यांतली आपली कोणती हे न ठरवता न्यायालयात गेल्यास तक्रार खरी असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

जामीन रद्द करण्याच्या मागणीत मूळ आदेशाला हरकत नसते. आक्षेप असतो तो आरोपीच्या नंतरच्या वागण्यावर. बालकाच्या शाळेबाहेर घुटमळणे, नातेवाइकांमार्फत ‘मिटवून घ्या’ असे निरोप धाडणे, साक्षीदारांना धमकावणे, अटी मोडणे, फरार होणे ही त्याची नेहमीची कारणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(३) नुसार सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय अशा आरोपीला पुन्हा कोठडीत पाठवू शकते. मात्र दिलेला जामीन काढून घेण्यासाठी सबळ कारण लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दौलत राम प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे धमकी आली त्याच दिवशी पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घेतलेली बरी; महिन्यांनंतर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला न्यायालयात फारसे वजन राहत नाही.

आदेशालाच आव्हान देताना आरोपीने बाहेर येऊन काहीही केलेले नसले तरी चालते. गुन्ह्याचे गांभीर्य, बालकाचा जबाब किंवा आरोपी त्याच घरात राहतो ही बाब खालच्या न्यायालयाने विचारातच घेतली नाही, एवढे वरिष्ठ न्यायालयाला दाखवावे लागते. या दोन कसोट्या वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या महिपाल प्रकरणातील निकालात २०१९ मध्ये स्पष्ट झाले.

पीडित पक्षाला ऐकूनच घेतले नाही, ही तक्रारही याच दुसऱ्या मार्गाची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा त्याने अधिकृत केलेली व्यक्ती हजर असणे कलम ४८३(२) नुसार बंधनकारक आहे. पोक्सो प्रकरणांत जामीन अर्जाची सूचना बालकाच्या कुटुंबाला मिळाली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. लखीमपूर खेरी प्रकरण पोक्सोचे नव्हते, आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याचे होते; पण पीडितांना परिणामकारकपणे ऐकले गेले नाही हे त्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा जामिनाचा आदेश रद्दबातल करण्याचे एक कारण ठरले. अर्ज मात्र फेरविचारासाठी उच्च न्यायालयाकडेच परत गेला.

सूचना मिळाली नाही आणि सुटकेनंतर धमक्याही आल्या, असेही घडते. तेव्हा दोन्ही मुद्दे एकाच परिच्छेदात न मिसळता स्वतंत्रपणे मांडावेत.