कोणत्या एमसीबीवर काय? घरच्या डीबीचा नकाशा

डीबीचं, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचं झाकण उघडलं की ओळीनं आठ-दहा एमसीबी दिसतात, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे (ट्रिप होणारे) छोटे स्विच. त्यांवर वायरमननं लिहिलेलं ‘लाइट’, ‘पॉवर’ बहुधा पुसट झालेलं असतं. नकाशा करायला दुपारचा तास-दीड तास पुरतो, पण एक समजूत आधी सोडावी लागते: एक खोली म्हणजे एक एमसीबी.

बहुतेक फ्लॅटांत एकाच स्विचबोर्डवर दोन लाइनी येतात. दिवे, पंखा आणि ६ अँपिअरचं सॉकेट लाइटच्या लाइनीवर, तर शेजारचं १६ अँपिअरचं सॉकेट पॉवरच्या. म्हणजे पंखा थांबला तरी त्याच बोर्डात दोन इंचांवर २३० व्होल्ट जिवंत असू शकतात. म्हणून नोंद खोलीची नको, प्रत्येक पॉइंटची हवी.

घराचा कच्चा आराखडा काढा आणि बोर्डांना क्रमांक द्या. कॉम्प्युटर रीतसर बंद करा. फ्रिज आणि एसी त्यांच्याच स्विचवर बंद ठेवा, कारण वीज जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचा समोरचा स्विचही बंद करा. हे राहिलं तर एमसीबी खाली केल्यावरही बॅटरीवर दिवे चालूच राहतात आणि सगळी यादी चुकते.

आता सगळे दिवे-पंखे लावा आणि एकच एमसीबी खाली करा. घरभर फिरून काय बंद पडलं ते लिहा. सॉकेटं तपासायला नाइट लॅम्प उत्तम. सॉकेटचा स्विच चालू आहे ना, तेवढं पाहा. एमसीबी वर करा, मग पुढचा. बेल, वॉटर प्युरिफायर, चिमणी, बाथरूमचा एक्झॉस्ट आणि बाल्कनीतलं सॉकेट हमखास विसरतात. कुठल्याच एमसीबीनं बंद न होणारा पॉइंट सापडला, तर वायरमनला दाखवा.

यादी झाली म्हणून थेट वायरीला हात लावायचा नाही. साधा एकपोली एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो. जुन्या घरांत दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र बांधलेले आढळतात. तसा जोड सुटला की ‘बंद’ लाइनीची वायरही शॉक देते. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहा, मग कामाच्या पॉइंटवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. नाहीतर बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असंच सांगतो.

नकाशा हाती आला की एमसीबीवरचा आकडाही वाचा. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीला साधारण ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असतो. सतत ट्रिप होतो म्हणून कुणी तिथे ३२चा बसवला असेल, तर तो मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे ३६ अँपिअरपर्यंतचा भार तासभर ट्रिप न होता सोसतो. वायर तोवर तापून तिचं आवरण वितळू लागलेलं असतं. २००० वॉटचा गिझर जेमतेम ८.७ अँपिअर घेतो. तो एकटा असताना १६चा एमसीबी पडत असेल, तर दोष गिझरच्या कॉइलमध्ये, सैल जोडात किंवा त्या एमसीबीतच शोधा.

लेबलवर ‘रूम २’ लिहू नका, ‘मागची बेडरूम, दिवे-पंखा’ असं लिहा. यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि तिचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा.