रडगाणं, पण ट्रॅपच्या ठेक्यावर: लिल पीपच्या संगीतामागची गोष्ट

'रडगाणं' हा शब्द आपण कौतुकाने वापरत नाही. इंग्रजीतला 'क्रायबेबी'ही तसाच, आपल्या 'रडूबाई'च्या जातकुळीतला. लिल पीप या अमेरिकी गायकाने तो भुवईवर गोंदवून घेतला आणि जून २०१६ मध्ये आलेल्या मिक्सटेपलाही, म्हणजे फुकट वाटलेल्या गाण्यांच्या संचालाही, तेच नाव दिलं. छाती काढून बोलणाऱ्यांच्या रॅपमध्ये हे अजबच होतं. पण हे रडणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. त्याला तीसेक वर्षांची पूर्वपीठिका होती, आणि ती रॅपमधली कमी, रॉकमधली जास्त.

रॉकमधल्या या रडण्याला 'इमो' हे नाव १९८०च्या दशकात वॉशिंग्टन डी.सी.च्या पंक रॉकच्या वर्तुळात पडलं. तिथला हार्डकोर पंक म्हणजे वेग, आरडाओरडा आणि मैफलीत हाणामारी. या सगळ्याला विटून 'राइट्स ऑफ स्प्रिंग'सारख्या बँड्सनी १९८५च्या सुमारास तोच जोर स्वतःच्या आतल्या पडझडीकडे वळवला. लोकांनी त्याला 'इमोशनल हार्डकोर' म्हटलं. ज्यांना हे लेबल लागलं, त्यांना ते मुळीच आवडलं नाही. नव्वदच्या दशकात 'मिनरल', 'अमेरिकन फुटबॉल' या बँड्सनी त्यातला आरडाओरडा कमी केला आणि सुटे सुटे स्वर छेडणारी, झुळझुळती गिटार पुढे आणली. दोन हजारनंतर हा प्रकार घराघरांत पोहोचला. त्या लाटेतले 'ब्रँड न्यू' आणि 'टेकिंग बॅक संडे' हे दोन मोठे बँड न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे.

लिल पीप, म्हणजे गुस्ताव ऑर, वाढला तोही याच टापूत, दक्षिण किनाऱ्यावरच्या लाँग बीच गावात. जन्म १ नोव्हेंबर १९९६चा. आईवडील दोघंही हार्वर्डचे पदवीधर. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. आजोबा जॉन वोमॅक मेक्सिकन क्रांतीचे नामवंत इतिहासकार. ('लिल' लावणाऱ्या रॅपरच्या घरची ही मंडळी पाहून गंमत वाटते, 'पीप' हे आईनेच ठेवलेलं लाडाचं नाव.) आईवडील वेगळे झाले, शाळेत त्याचं मन रमेना. तो खोलीत बसून लॅपटॉपवर गाणी करू लागला आणि साउंडक्लाउड या कुणालाही गाणी चढवता येणाऱ्या संकेतस्थळावर फुकट टाकू लागला.

रॅपच्या बाजूनेही जमीन तयार होत होती. आई वारल्यानंतर रॅपर कान्ये वेस्टने २००८ मध्ये '८०८ज अँड हार्टब्रेक' हा अल्बम काढला. त्यात तो रॅप करण्याऐवजी ऑटोट्यून या आवाज सुरात बसवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गातो, तेही दुःखच. किड कडीने नैराश्याला रॅपमध्ये उघड जागा दिली. अटलांटाच्या ट्रॅप या रॅपच्या प्रकाराने जड बेस आणि थरथरत्या हाय-हॅटचा (ड्रमसेटमधल्या झांजांचा) ठेका सगळीकडे नेला. स्वीडनचा यंग लीन २०१३ पासून इंटरनेटवर उदास, धूसर रॅप टाकत होता. पीप पुढे 'गॉथबॉयक्लिक' या कंपूत गेला. तो सुरू करणारा विका फेज स्प्रिंग्ज इटर्नल मूळचा 'टायगर्स जॉ' या इमो बँडमधला. म्हणजे इमोची माणसंच रॅपकडे सरकत होती.

पीपची रीत सांगायला सोपी आहे. जुन्या इमो किंवा पर्यायी रॉक गाण्यातला गिटारचा तुकडा उचलायचा, तो फिरता ठेवायचा, खाली ट्रॅपचे ड्रम घालायचे. वरून आवाज अर्धवट झोपेतल्यासारखा, एकच ओळ दोनदा गाऊन एकमेकींवर चढवलेली, सुरांची कड मुद्दाम न घासलेली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे 'क्रायबेबी' तीन दिवसांत, दीडशे डॉलरच्या मायक्रोफोनवर झाला. तो खरखरीतपणा ऐकताना जाणवतो आणि मला तोच त्याचा खरा गुण वाटतो. ती गिटार ऐकणाऱ्याने चौदाव्या-पंधराव्या वर्षी हेडफोन लावून आधीच ऐकलेली असते. त्यामुळे शब्द सुरू होण्याआधीच काहीतरी हरवल्यासारखं वाटू लागतं.

शब्दांत मात्र तो काही सजवत नाही. सोडून गेलेली मुलगी, कोकेन, झॅनॅक्स या चिंता शमवणाऱ्या औषधाच्या गोळ्या, स्वतःचा तिटकारा, आणि मरण, तेही रोजच्या ओळखीचं असल्यासारखं. प्रतिमा थोड्या, ओळी तोकड्या, मध्यरात्री पाठवलेल्या मेसेजसारख्या. बरीच गाणी एकमेकांसारखी वाटतात हा आक्षेप खरा आहे. ट्रॅपमध्ये अमली पदार्थ बहुधा विकायचा माल असतो किंवा मौज. पीपकडे ते दुखणं दाबायचं औषध आहे, आणि त्या औषधाने दुखणं वाढतंय हेही गाणाऱ्याला कळतंय.

उचललेल्या तुकड्यांची परवानगी त्याने घेतली नव्हती. आपल्या गाण्याचा भाग श्रेय न देता वापरला, अशी तक्रार 'मिनरल'ने केली होती. फुकट गाणी टाकणाऱ्या पोराचं हे खपून जातं. नाव झालं की नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या 'कम ओव्हर व्हेन यू आर सोबर'च्या पहिल्या भागात म्हणून उसन्या गिटारीच्या जागी नव्याने वाजवलेली गिटार आली. निर्माता स्मोकासॅकच्या हाताखाली आवाज स्वच्छ झाला, गाणी पॉप-पंककडे झुकली. मला त्यात थोडी धूळ कमी वाटते.

तीन महिन्यांनी, १५ नोव्हेंबर २०१७ला, अ‍ॅरिझोनातल्या टूसानमध्ये कार्यक्रमाआधी दौऱ्याच्या बसमध्येच तो मरण पावला. वय २१. फेंटानिल हे जहाल वेदनाशामक आणि झॅनॅक्स यांचं अतिसेवन हे कारण निघालं. मृत्यू अपघाती ठरला. दोन वर्षांनी ज्यूस वर्ल्ड हा इमो रॅपर २१व्याच वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. तोवर हा प्रकार साउंडक्लाउडच्या कोपऱ्यातून मुख्य बाजारात आला होता. ज्यूस वर्ल्डचं 'लुसिड ड्रीम्स' २०१८ मध्ये बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, आणि त्याच्या मुळाशीही उसनीच गिटार होती, स्टिंगच्या गाण्यातली.

पीपच्या मिक्सटेपांचं काम त्याच्या आईने, लायझा वोमॅकने, पुढे नेलं. उसन्या तुकड्यांच्या परवानग्या मिळवत मिळवत 'क्रायबेबी' जून २०२० मध्ये आणि 'हेलबॉय' त्याच सप्टेंबरमध्ये स्ट्रीमिंगवर रीतसर आले, निघाल्यानंतर चार वर्षांनी.