कोट ऑफ आर्म्स: जमशेटजी जीजीभाईंच्या ढालीवर काय काय आहे

कोट ऑफ आर्म्स म्हणजे युरोपातल्या सरदार-उमरावांचं, आणि पुढे पैसेवाल्या व्यापाऱ्यांचंही, ढालीवर काढलेलं ओळखचित्र. मराठीत याला कुलचिन्ह म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण इंग्लंडच्या नियमाने हे चिन्ह आडनावाला मिळतच नाही, ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्यामागून त्याच्या वंशजांकडे जातं. आपल्याकडचं देवक बघा, ते अख्ख्या कुळाचं, लग्नात त्याची पूजा होते, त्यात कुणा एकाच्या कर्तृत्वाचा प्रश्न येत नाही. इथे उलट आहे. 'तुमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स' म्हणून ऑनलाइन जे मग आणि फ्रेम विकतात ते शोकेसमध्ये ठेवायला ठीक, बाकी त्याला काही अर्थ नाही.

सुरुवात 12व्या शतकातली. शिरस्त्राणात तोंड झाकलं गेलं की समोरचा आपला की परका तेच कळेना, म्हणून ढालीवर मोठं ठसठशीत चित्र, आणि चिलखतावर घालायच्या कापडी कोटावरही तेच, त्यावरून हे नाव पडलं. लांबून दिसायला हवं म्हणून रंगांचाही नियम ठरला: सोनेरी आणि रुपेरी हे 'धातू', लाल निळा काळा हिरवा जांभळा हे 'रंग', आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग टाकायचा नाही. ढालीच्या वर शिरस्त्राण, त्याच्यावर तुरा म्हणजे क्रेस्ट, आणि सोबत ब्रीदवाक्य. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सची स्थापना 1484 ची, आणि इंग्लंडात नवीन चिन्ह हवं असेल तर आजही अर्ज तिथेच करावा लागतो.

आता मुंबईचं उदाहरण. जेजे हॉस्पिटल आणि जेजे स्कूल ऑफ आर्ट मधले जेजे म्हणजे जमशेटजी जीजीभाई (1783-1859), पारशी व्यापारी. 1842 मध्ये त्यांना नाइट केलं, म्हणजे स्वतःपुरतं 'सर', आणि 1857 मध्ये ते बॅरोनेट झाले, म्हणजे पिढीजात 'सर', हा मान मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्या ढालीची पार्श्वभूमी निळी आहे. खाली डोंगररांग आणि तिच्यामागून उगवणारा सूर्य, वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. डोंगर म्हणजे सह्याद्री, मूळ इंग्रजी वर्णनात 'घाट' असाच शब्द आहे आणि मुंबईजवळचे डोंगर असा खुलासाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, कारण मुंबईतून पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की सूर्य खरोखर घाटाच्या बाजूनेच वर येतो, म्हणजे इंग्लंडच्या ठरीव सिंह-गरुडांच्या गर्दीत आपल्याकडची रोजची सकाळ जाऊन बसलीये!

मधमाशी हे या चित्रभाषेत कष्टाचं, उद्योगाचं जुनं चिन्ह. कापड गिरण्यांच्या मँचेस्टर शहराने 1842 मध्ये चिन्ह घेतलं तेव्हा त्यांनीही पृथ्वीच्या गोलावर मधमाश्याच बसवल्या. जेजेंच्या तुऱ्यावर हिरव्या टेकडीवर, गव्हाच्या पिकात उभा असलेला मोर आहे आणि चोचीत गव्हाची एक ओंबी. ब्रीद इंग्रजीत, दोनच शब्दांचं, उद्योग आणि औदार्य. मधमाश्या पहिल्या शब्दाच्या हे उघड आहे, गहू दुसऱ्या शब्दाचा म्हणजे भरल्या घरातून वाटून देण्याचा असं मी धरतो, आणि मोर आला की हा माणूस हिंदुस्थानातला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बॅरोनेटच्या ढालीवर आणखी एक खूण असते, पांढऱ्या तुकड्यावर लाल पंजा. हा आयर्लंडमधल्या अल्स्टरचा. 1611 मध्ये राजा पहिला जेम्स याने अल्स्टरमधल्या फौजेसाठी पैसा उभा करायला ही पदवी काढली, 30 सैनिकांचा 3 वर्षांचा खर्च द्यायचा आणि बॅरोनेट व्हायचं, असा सरळ व्यवहार होता. त्या व्यवहाराची खूण अडीचशे वर्षांनी मुंबईच्या पारशी शेटजींच्या वाट्याला आली.

आणि ढालीवर काय नाही तेही बघायला पाहिजे. जेजेंचा पैसा चीनच्या व्यापारातला, कापूस होताच पण अफूही होती आणि भरपूर होती, चीनशी अफूचा व्यापार करणाऱ्या जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीबरोबर त्यांचे घनिष्ठ व्यवहार होते. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जार्डिनची ओळख झाली 1805 च्या सफरीत, फ्रेंचांनी जहाज पकडलं तेव्हा. त्या पैशातून दवाखाना झाला, आर्ट स्कूल झालं, माहीमचा कॉजवे पत्नी अवाबाईंनी बांधवला, हे सगळं खरं. पण ढालीवर अफूचं बोंड नाही, जहाज नाही. यात जेजेंना वेगळं काढायचं कारण नाही, स्वतःच्या चिन्हात स्वतःची अडचणीची बाजू कोण काढून घेतो? कोट ऑफ आर्म्स हा माणसाने स्वतःबद्दल दिलेला जबाब आहे, तो तसाच वाचायचा.

दुसरा प्रकार नावावरच्या कोटीचा. शेक्सपिअरच्या वडिलांना 1596 मध्ये मिळालेल्या ढालीवर भाला आहे, कारण स्पिअर म्हणजे भाला. ब्रिटनच्या प्रिन्स विल्यमची बायको केट मिडलटन, तिच्या वडिलांना 2011 मध्ये, तिच्या लग्नाच्या थोडं आधी, चिन्ह मिळालं त्यात ओकची तीन फळं म्हणजे तीन मुलं, आणि मधला सोनेरी पट्टा केटच्या आईच्या माहेरच्या गोल्डस्मिथ या आडनावाचा. जेजेंना लोक बाटलीवाला म्हणायचे, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यावरून. लंडनच्या चित्रकाराला हे कुणी सांगितलं असतं तर मोराच्या जागी बाटली आली असती.

जेजे गेल्यावर 1860 मध्ये खास कायदा झाला, त्यात पदवी चालवायला ट्रस्ट नेमला आणि जो कोणी पदवीवर येईल त्याने स्वतःचं नाव सोडून जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं असं ठरलं. थोरले चिरंजीव कर्सेटजी हे त्यातले पहिले, बॅरोनेट झाले आणि कागदोपत्री जमशेटजी झाले.