वाल

वाल म्हणजे शेंगा येणारं उष्ण प्रदेशातलं कडधान्य, शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. नावांचा मात्र थोडा गोंधळ आहे, कारण देशावर ज्याला पावटा म्हणतात, कोवळ्या शेंगांच्या भाजीला काही ठिकाणी घेवडा म्हणतात आणि कोकणात ज्याचं बिरडं करतात तो कडवा वाल, ही सगळी एकाच जातीची रूपं. लिनियसने 1753 मध्ये याला डॉलिकॉस लॅबलॅब म्हटलं होतं, जुन्या शेतकी पुस्तकांत तेच नाव सापडतं.

मूळ रानटी वाल आफ्रिकेतला, पण भारतातही याची लागवड फार जुनी आहे. पानं तीन पर्णिकांची, फुलं पांढरी किंवा जांभळी, शेंग चपटी आणि बियांच्या एका कडेला ठळक पांढरी रेघ, वाल ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. परसातला वेल मांडवावर कितीही चढतो, शेतातला वाल मात्र बुटका, झुडपासारखा. बऱ्याच जुन्या वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फुलंच येत नाहीत, म्हणून जूनमध्ये लावलेला वेल पावसाळाभर नुसता पानांनी माजतो आणि लोकांना वाटतं बी खराब निघालं, तसं नसतं, थंडीपर्यंत थांबायचं.

रायगडात भातकापणी झाली की त्याच खाचरात वाल टाकतात. वेगळं पाणी द्यायचं नाही, जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर पीक 3 ते साडेतीन महिन्यांत निघतं, आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात त्याचा फायदा जमिनीलाही होतो. माझ्या मते कोरडवाहू कोकणासाठी इतकं सोयीचं दुसरं पीक शोधून सापडणार नाही. फक्त ओल उडायच्या आत पेरणी व्हायला हवी, आणि पेरताना बियाण्याला रायझोबियम, म्हणजे याच गाठींतल्या जिवाणूंचं खत, चोळलेलं चांगलं. त्रास होतो तो मावा आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीचा, ढगाळ हवा आली की मावा हमखास वाढतो.

दाण्यात प्रथिनं साधारण 20 ते 25 टक्के. पण सुका वाल कच्चा खायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवूनच खायचा. आपल्या बायकांनी हे कधीचंच पद्धतीत बसवलंय: रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. सोललेल्या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात. त्यांची उसळ किंवा बिरडं ओलं खोबरं, गूळ आणि आमसूल घालून होतं, आणि थोडा कडवटपणा राहिला तरच ते खरं बिरडं. सोलायला तासभर जातो पण सालासकट शिजवलेल्याला ती चव नाही.

जानेवारीच्या आसपास शेंगा भरल्या की अलिबाग, पेण भागात पोपटी लागते, म्हणजे शेंगा मडक्यात घालून आगीवर भाजतात. मडक्यात तळाला भांबुर्डा या रानटी झाडाचा पाला, त्यावर न सोललेल्या वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर परत पाला दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र आवाज होऊन लगेच सुकलं की झाली पोपटी.

बाहेरही याला मान आहे. बेंगळुरूत थंडीत अवरेकाईचा, म्हणजे कानडीत वालाच्या शेंगांचा, मेळा भरतो. केनियात याच्या काळ्या दाण्यांना न्जाहे म्हणतात आणि किकुयू लोक ते बाळंतिणीला आवर्जून देतात. तिथूनच गेलेला रोंगाई वाण ऑस्ट्रेलियात गुरांच्या चाऱ्यासाठी लावतात.