अपस्माराची गोळी बदलताना

गोळी बदलली, चक्कर यायला लागली, की घरात सगळ्यांचा राग नव्या गोळीवर निघतो. ती बंद करावी असंही वाटतं. पण बदलाच्या आठवड्यांत बरेचदा त्रास जुन्या गोळीमुळे होत असतो, कधी तर ती थांबवून झाल्यावरसुद्धा.

सहसा नवं औषध थोडं थोडं वाढवत नेतात आणि जुनं हळूहळू उतरवतात. मधल्या काळात रक्तात दोन्ही असतात. गुंगी, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं हे अनेकदा या दुहेरी भारामुळे होतं आणि जुन्याचा डोस उतरला की ओसरतं.

खरी गुंतागुंत यकृतात असते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही अपस्मारावरची औषधं तिथली एन्झाइम्स (औषधं मोडून टाकणारी प्रथिनं) वाढवतात, त्यामुळे सोबतची बरीच औषधं लवकर संपतात. ही औषधं थांबवली की एन्झाइम्स काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात आणि सोबतच्या औषधाची पातळी चढते, त्याचा डोस तोच असला तरी! व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्याच औषधाचं उलट आहे, ते काही औषधांचं मोडणं मंदावतं. एरवी साधारण एका दिवसात रक्तात निम्मं होणारं लॅमोट्रिजिन हे दुसरं औषध त्याच्या सोबतीनं दोन दिवसांहून जास्त रेंगाळतं. म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या प्रौढांना लॅमोट्रिजिन 25 मिलिग्रॅम, तेही दिवसाआड, असं सुरू करतात. हा संथपणा रुग्णाला नकोसा होतो, पण घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका वाढतो. क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (कातडी आणि तोंडाची आतली त्वचा सोलवटणारा आजार) होतो, तो जिवावर बेततो. पुरळ आलं, सोबत ताप किंवा तोंडात फोड असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायलाच हवेत.

लेव्हेटिरासिटामला यकृताची ही भानगड फारशी नाही. मात्र काहींना त्यानं चिडचिड, उदासी येते आणि ती रुग्णाआधी घरच्यांना जाणवते. कृपा करून त्याला स्वभाव समजून भांडू नका, डॉक्टरांना सांगा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आपल्या मनानं एकदम गोळी सोडणं सर्वांत धोक्याचं. फिट्स लागोपाठ येऊ शकतात, पाच मिनिटांहून लांबू शकतात. क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटलच्या बाबतीत तर विशेष सांभाळावं लागतं.

कोणता डोस कोणत्या तारखेला बदलला आणि त्रास गोळीनंतर किती वेळानं होतो, हे लिहून ठेवा. चक्कर दर वेळी गोळीनंतर तास-दोन तासांत येऊन उतरत असेल, तर तेवढाच डोस दिवसभरात विभागून देण्याचा विचार डॉक्टर करू शकतात.