बोटीला पत्रा कोणता: ५०८३ की ६०६१?

५०८३ आणि ६०६१ हे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन मिश्रधातूंचे नंबर. आमच्या नाशिकजवळच्या अंबडच्या शेडमध्ये हे दोन पत्रे शेजारी उभे केले, तर कुठला कोणता हे मलाही नजरेनं सांगता येत नाही. रंग तोच आणि वजनही तेच, पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा. पत्र्यावरची छपाई पुसली गेली की हातात फक्त टेस्ट सर्टिफिकेट उरतं. म्हणून आप्पांचा नियम आहे की पत्रा कापला की आधी तुकड्यावर मार्करनं नंबर, चहा नंतर.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतं. "अहो, बोट धरणात चालवायची. पाणी गोडं. मग समुद्राचा महाग पत्रा कशाला?" चूक त्याची नाही. ५०८३ ला 'मरीन ग्रेड' म्हणतात, आणि त्या नावामुळे सगळ्यांचं लक्ष मिठाकडे जातं. खाऱ्या पाण्यात ५०८३ टिकतो हे खरंच, पण गंगापूर धरणातल्या बोटीलाही आम्ही तोच लावतो तो वेल्डसाठी.

६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, दोन्ही एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी. तो सुमारे ५३० अंशांवर तापवून पाण्यात विझवतात आणि मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास भट्टीत ठेवतात. लोहार कोयत्याला पाणी देतो तसलाच प्रकार, फक्त इथे खरी ताकद त्या दुसऱ्या भट्टीत येते. ५०८३ ला असलं पाणी देताच येत नाही. त्यात मॅग्नेशियम ४ ते ४.९ टक्के असतं. बरीचशी ताकद त्याची, उरलेली रोलखाली दाबून आलेली.

कॅटलॉगमध्ये ६०६१-टी६, म्हणजे असं पाणी दिलेला ६०६१, भाव खाऊन जातो. त्याचा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकतो तो, २७५ मेगापास्कलच्या आसपास; रोलखाली दाबलेल्या ५०८३-एच११६ चा किमान २१५. तुटायचा ताण दोघांचा जवळपास सारखा, तीनशेच्या थोडा वर. पण बोट म्हणजे शिवणच शिवण. वेल्डिंगची टॉर्च फिरली की ६०६१ चं पाणी उतरतं आणि वेल्डच्या कडेला तुटायचा ताण हिशेबात १६५ च धरावा लागतो. ५०८३ मध्ये तोच २७५ धरता येतो. एकाची ताकद निम्म्यावर, दुसऱ्याची दहाव्या हिश्श्यानं कमी.

हे आम्ही आमच्याच बोटीवर शिकलो. काकांनी एका बोटीच्या तळाच्या फासळ्यांना उरलेलं ६०६१ चं सेक्शन वापरलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं, बोट रोज काठच्या खडकांना घासायला लागली आणि एका सकाळी तळात ओंजळभर पाणी दिसलं. वेल्ड अगदी शाबूत होता. चीर त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, केसासारखी सरळ. मिस्त्रींनी नख फिरवलं तेव्हा कुठे सापडली. बोट आपणच चालवत असलो की असल्या काटकसरीची किंमत लगेच कळते, कारण रविवारच्या फेऱ्या आपल्याच रद्द होतात.

म्हणून ६०६१ टाकाऊ ठरत नाही. ५०८३ मधून पोकळ सेक्शन ओढणं अवघड जातं. त्यामुळे रेलिंगचे पाइप, छताचा सांगाडा आणि बोल्टनं जोडायचं जे जे, ते ६०६१ चं. फक्त स्टेनलेस बोल्टखाली नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. ५०८३ चीही एक खोड आहे. ६५ अंशांच्या वर तो फार काळ राहिला की आतून गंजाला हळवा होतो, म्हणून इंजिनाच्या सायलेन्सरजवळ त्याला अंतर देतो.

वेल्डमध्ये वितळवायच्या सळईतही असाच घोळ होतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात ४०४३ सर्रास मिळते, ६०६१ वर ती छान वाहते, मग ५०८३ ला का नको? कारण ५०८३ मधलं जास्तीचं मॅग्नेशियम ४०४३ मधल्या सिलिकॉनला धरतं आणि जोड ठिसूळ होतो. तिथे ५३५६ किंवा ५१८३ च लागते. आमच्याकडे ४०४३ चा डबा वेगळ्या कपाटात असतो, किल्ली आप्पांकडे.

नंबर नसलेला पत्रा घरात पडून असेल तर वाकवून अंदाज बांधू नका. तुकडा कापून स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे त्याची तपासणी, करून आणा. मॅग्नेशियम चारच्या वर आणि जोडीला अर्ध्या टक्क्याच्या आसपास मँगनीज दिसलं, तर तळाला लावायचा विचार करता येईल. मॅग्नेशियम एकच्या आसपास असेल तर त्या पत्र्याच्या सीटा करा.